मोडायचे राहिलेले खेकडे

बाई,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला जेवणात काय करायचं, यावरून अकोल्यात वाद झाला. तुझे जावई म्हणाले, वरण, भात, पोळी आणि वांग्याची भाजी, दुसरं काही नाही. तुझे दीर म्हणाले, वहिनीनं जन्मात कधी वांगं आवडीनं खाल्लं नाही, तिला आवडायचं त्याचं काय? मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात काही अडलं की शिकलेल्या माणसाकडं पाहायचं, ही सवय तूच या लोकांना लावून ठेवली आहेस. मी म्हणालो, वांगंच करा. त्या दिवशी मी एवढंच बोललो. भंतेजींनी पंचशील दिलं तेव्हा ‘पाणातिपाता’ला, जीव न मारायच्या शीलाला, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लोकांना वाटलं, भावाचा गळा भरून आला. वाटू दिलं.

तू किती वर्षं निंदणाला गेलीस, किती लेकरं वाढवलीस, वस्तीत कोणाकोणाच्या अडीनडीला धावून गेलीस, ते भाषणांत सगळं बोलून झालं. बोलणारे चांगलं बोलले. पण खेकड्यांचं कोणी काढलं नाही. ते माझ्याशिवाय कोणी काढूही शकत नव्हतं.

थोरली बहीण म्हणून मी तुला बाई म्हणायचो आणि तू मला मास्तर, तेही मी मास्तर व्हायच्या कितीतरी आधीपासून. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बेडूक चिरायचं प्रॅक्टिकल झालं, तो दिवस तुला आठवत असेल. मी वलगावहून सायकलनं अमरावतीला कॉलेजात जायचो आणि त्या दिवशी परत येताना मी सायकलवर मावत नव्हतो. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि आता तर डॉक्टरसारखा जीव उघडून पाहून आलेला. तू शेतातून येता येता नाल्यावर खेकडे धरले होतेस आणि चुलीपुढं ते मोडत बसली होतीस. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. बेडकाला क्लोरोफॉर्म कसा देतात, मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाकून चारी पायांत टाचण्या कशा टोचतात, पोट उघडलं तरी काळीज कसं उडत राहतं. तू हात न थांबवता ऐकलंस.

“मंग खाल्ला का त्याले?”

मी हसलो. म्हणालो, बेडूक कोणी खाते का?

“मंग मारला कायले?”

“शिकायले.”

“काय शिकला?”

काळीज कुठं असते ते, असं मी म्हणालो. “ते तं मले म्हाईत हाय,” असं म्हणून तू हातातल्या खेकड्याच्या पाठीचं कवच उचकटलंस आणि मधोमध बोट ठेवून दाखवलंस. बरोबर तिथंच असतं ते. पुस्तकातही तिथंच होतं.

मी पुढं विज्ञानाचा शिक्षक झालो, हजार पोरांच्या प्रश्नांची उत्तरं दिली. ‘मंग मारला कायले’ याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

तुझी एक रीत होती. जिता खेकडा तू कधी उकळत्या पाण्यात टाकला नाहीस. वस्तीतली कोणी टाकताना दिसली तर तू तिला चार गोष्टी सुनावून यायचीस. आधी दोन्ही नांग्या मुळापासून एका हिसक्यात, मग पाठीचं कवच, मधे थांबायचं नाही. प्रत्येकाला हातात घेतलं की ‘जाय बापा’ म्हणायचीस, घरून पाहुणा निघावा तसं. बारक्या टांगा पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळायच्या, आणि त्याचा रस्सा. बोटांना चिमटे बसून रक्त यायचं, ते पदराला पुसायचीस. एकदा मी फडकं बांधून मोडत जा म्हणालो, तर म्हणालीस, त्याचा जीव चालला, त्यानं एक चिमटा तरी घेऊ नये का.

मग तू अकोल्याला दिल्या घरी गेलीस, मला अमरावतीत नोकरी लागली, आणि काही वर्षांनी राजापेठेत फ्लॅट घ्यायचं ठरलं. दाखवणारा माणूस जिन्यात म्हणाला, “सर, इथं सगळी वेज मंडळी आहेत. तुमचं कसं?” मी पायऱ्यांकडं पाहत म्हणालो, आमचंही तसंच. बाई, मला कोणी मना केलेलं नव्हतं. कागदात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या माणसानं विचारलं आणि मी पटकन बोलून गेलो, वर्गात उशिरा आलेलं पोरगं खोटं कारण सांगतं तसं. मीना शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. पुढच्या खेपेला मोर्शीला माहेरी गेली तेव्हा वाळल्या झिंग्यांची बरणी तिकडंच ठेवून आली.

त्यानंतर मी कारणं जमवायला लागलो. खेकड्याला दुखतं, मासोळीला दुखतं, हे वाचलं, आणि वाचलेलं सगळ्यांना सांगत सुटलो. कारणं खोटी नव्हती. त्यांना दुखतंच. फक्त ती मी नंतर आणलेली होती.

तुला हे कळायला एक दिवाळी पुरली. भाऊबीजेला तू आलीस आणि मी जेवताना जीवदयेवर बोलायला लागलो. तू वाटीतलं वरण संपवलंस, ताट बाजूला सारलंस, आणि विचारलंस, “मास्तर, तुले जीवाची दया आली का शेजाऱ्यायची लाज?”

मी चिडलो. म्हणालो, शिकलेला माणूस विचार करतो, बदलतो. तू म्हणालीस, बदल ना बापा, कोण नाही म्हणते, पण बडनेऱ्याच्या रोडवर ढाब्यात बसून कोंबडी खातो तवा तुही दया कुठं जाते? हे तुला कोणी सांगितलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मीनाच असणार. मग मीही खालच्या पातळीवर उतरलो. पौर्णिमेला विहारात जाऊन पाणातिपाता म्हणतेस आणि घरी येऊन खेकडे मोडतेस, ते कसं चालतं, असं विचारलं. तुझ्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इतक्या वर्षांत त्या एका वाक्याची मला खरी लाज वाटते. तू पिशवी भरलीस. स्टँडवर एसटीत चढताना मागं वळून म्हणालीस, “मी शील म्हणतो तं म्हणतोच, खेकडा मारतो तं मारतोच. दोन्ही माह्या डोयासमोर हाय. मी एक झाकून दुसरं नाही दाखवत.” गाडी मूर्तिजापूरपर्यंत पोचली असेल तोवर मी स्टँडवरच होतो.

त्यानंतर ते भांडण आपल्यात राहायलाच आलं. भेटलो की कुठून तरी निघायचं. माझ्या एका सोबत्याच्या मुलाच्या लग्नात पापलेट होता, बर्फातून आलेला, आणि मोठमोठे लोक तो काट्याचमच्यानं खात होते. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, समुद्रातलं मढं बर्फात घालून आणते त्याले मान हाय, आन् आपला नाल्यातला जित्ता खेकडा घाण. मी हसू दाबलं. एकदा कोण्या भाच्यानं मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला. ताटात काहीतरी वळवळत होतं आणि एक बाई ते तसंच तोंडात घालत होती. सगळे ओरडत हसले. तू डोळ्यावर पदर घेतलास. मला वाटलं, किळस आली. तसं नव्हतं. तू म्हणालीस, “मारा तं मारा. तेवढा धीर नाही का ह्यायले?” आणि त्या दिवशी तू जेवली नाहीस. तेव्हा मी मनात म्हणालो होतो, माझ्या पुस्तकांपेक्षा ही पुढं आहे. हे तोंडावर सांगायला हवं होतं. भांडणात एक पाऊल मागं गेल्यासारखं होईल म्हणून नाही सांगितलं.

लिव्हरचं निघालं आणि तुला अमरावतीला माझ्याकडं आणलं. दोन महिने दवाखाना आणि घर. मग एके दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता घरीच ठेवा, जे मागतील ते द्या. या वाक्याचा अर्थ काय होतो ते मला समजत होतं. तू मला काही विचारलं नाहीस. म्हणजे तुलाही समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू मागितलंस. खेकड्याचा रस्सा.

मीना म्हणाली, मी करते ना बाई, लहानपणापासून केले मोर्शीत. तू उशीवर मान हलवलीस.

“तू नको. मास्तरच्या हातचा पाह्यजे.” मग माझ्याकडं पाहून, “एक डाव तू सोता मोड. मंग मले सांगजो दया काय असते ते. मी आयकून घेईन.”

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा ऐकून घेईन म्हणाली होतीस.

मी शाळेत अर्ज दिला आणि सकाळीच मासळी बाजारात गेलो. पावसाळा सरत आला होता, खेकडे होते. घमेल्यात ओलं पोतं झाकून एक बाई बसली होती. तिनं विचारलं, मोडून देऊ का, सर? मी ठसक्यात म्हणालो, नाही, मीच मोडणार आहे. नऊ खेकडे. पिशवी गाडीच्या हूकला लावली तर राजापेठेपर्यंत आतून खरखर चालू. बिल्डिंगच्या जिन्यात आलो आणि मी काय केलं माहीत आहे? पिशवी छातीशी घट्ट धरली, आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. एकानं कापडातून चिमटा काढला. तेवढा एकच.

तू आतल्या खोलीतून विचारलंस, आणले? मी म्हणालो, आणले. मीना कामावर गेली होती. मी पाटावर बसलो, एक उचलला. त्यानं नांग्या वर केल्या. डोळे देठांवर उभे असतात त्यांचे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो. त्या डोळ्यांनी तो माझ्याकडं पाहत होता का, ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडं पाहत होतो. ‘जाय बापा’ म्हणायचा प्रयत्न केला. निघालं नाही. ठेवला. दुसरा उचलला. ठेवला.

मग मला शिक्षण आठवलं. थंडीनं खेकडा सुन्न होतो, मग मोडला तर दुखत नाही, असं मी वाचलेलं होतं. पिशवी फ्रीजरमध्ये ठेवली. अर्धा तास, बस, आणि मग मोडायचे. मला तर वाटलं, तुझ्या रितीवर मी एक सुधारणा केली. रस्सा पाजताना हे तुला सांगायचं, असंही ठरवलं.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तुझं एक इंजेक्शन बदलून दिलेलं होतं, ते आजच लागणार होतं. शेजारणीला तुझ्याजवळ बसवून मी निघालो. एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यानं बसवून ठेवलं. आलो तेव्हा दुपार टळून गेली होती.

शेजारीण गेली तसा फ्रीजर उघडला. पिशवीची गाठ सुटलेली होती. आठ खेकडे बर्फाच्या ट्रेजवळ गोळा होऊन कडक झालेले, आणि एक दाराच्या रबरापर्यंत आलेला, टांगा फटीत घातलेल्या. सुन्न होऊन झोपी गेलेला जीव दारापर्यंत येत नाही, बाई.

मेलेला खेकडा खायचा नसतो, त्याचं इख होते, हे आपल्याकडं लेकराला चालता यायच्या आधी समजतं. बर्फात चार-पाच तास राहिलेल्याचं विष होत नाही, हे मला समजतं. मी ते कोणालाही फळ्यावर मांडून पटवून देईन. पण तुला फळ्यावर पटवून देता येत नव्हतं, बाजार उठून गेला होता, आणि तू सकाळपासून चहासुद्धा न घेता थांबली होतीस. मी ते मोडले. मेलेले मोडायला काही लागत नाही. काडकन मोडतात. खिडकी लावून घेतली, उदबत्ती लावली, टांगा मिक्सरमधून काढल्या आणि मिक्सरचा आवाज झाकायला टीव्ही लावला.

रश्श्याला उकळी आली आणि दाराची बेल वाजली. खालचे काका. ताईंची तब्येत विचारायला आले होते, आणि मग दारातच थबकले. वास कसला येतो, सर?

“औषधी काढा आहे,” मी म्हणालो.

आतून तुझा आवाज आला. इतका मोठा आवाज त्या आठवड्यात निघाला नव्हता. “औषधच हाय, भाऊ. मास्तरनं सोताच्या हातानं केलं.”

काका म्हणाले, मग लवकर बऱ्या होतील, आणि गेले. तू गेलीस त्या दिवशी पहिल्यांदा वर धावत आले ते हेच काका. रुग्णवाहिकेच्या मागं अकोल्यापर्यंत त्यांनीच मला आपल्या गाडीत नेलं. त्या दिवशी मी म्हणालो असतो की खेकडे शिजतायत, काका, माझ्या बहिणीला आवडतात, तर त्यांना काय वाटलं असतं? राग आला असता? काहीच वाटलं नसतं? वीस वर्षं त्यांच्या डोक्यावर राहतो, आणि एकदाही खरं सांगून पाहिलं नाही.

मी वाटी घेऊन तुझ्यापाशी आलो. तू उठून बसलीस, भिंतीला टेकलीस.

“जित्ते होते?”

“हो.”

“तूनंच मोडले?”

“हो.”

तू माझा हात ओढून घेतलास. तळवा पाहिलास, उलटा करून बोटं पाहिलीस, एकेक. वाटी दुसऱ्या हातात होती. माझ्या बोटांवर काही नव्हतं. खडूची बोटं.

“हुशार हाय,” तू म्हणालीस आणि हात सोडलास.

मग वाटी तोंडाला लावलीस. अर्ध्यात थांबलीस, दम घेतलास, परत लावलीस, आणि वाटी रिकामी करून माझ्या हातात दिलीस. गोड झाला, म्हणालीस. मीठ जरा कमी होतं, तेही सांगितलंस. मग डोळे मिटून म्हणालीस, आता सांग दया. मी म्हणालो, आता आराम कर, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तुझी वर्षा अकोल्याहून आली आणि मी शाळेत गेलो. त्यानंतर तू जास्त झोपूनच राहिलीस. चौथ्या दिवशी सकाळी गेलीस.

मी डॉक्टरांना विचारलं. माझ्यासारख्या माणसानं विचारू नये ते विचारलं, खाण्यात काही गेलं म्हणून असं झालं असेल का? त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, नाही, त्याचा काही संबंध नाही. मला ते आधीच माहीत होतं. तरी रोज सकाळी परत विचारावंसं वाटतं.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. खोटं बोललो, ते मनात ठेवलं असतं, लोक ठेवतातच. पण आज सकाळी वर्षाचा फोन आला. म्हणाली, मामा, आईनं नको सांगू म्हटलं होतं, पण पुण्यानुमोदनाला तुमचं तोंड पाहवलं नाही. त्या दिवशी मी शाळेत गेल्यावर तू तिला सांगितलं होतंस. खेकडे मेलेले होते वो, तोंडाले लावल्याबरोबर समजलं. मामाले बोलजो नको, त्याच्यानं मारणं होत नाही.

पोरगी घाबरली. मेलेल्याचं इख होते, हे तिलाही तूच शिकवलेलं. तिनं विचारलं, मग पेलीस कायले?

वर्षा तुझ्याच आवाजात बोलली, तिचा आवाज तुझ्यावरच गेला आहे. “म्हणे, तो समोर बसून पाहून राहिला होता. माह्या खाण्यानं त्याचं पोट भरून राहिलं होतं. कशी थांबू?”

मी फोन ठेवला आणि शाळेत गेलो नाही. इथं टेबलाशी बसलो आहे. मीना दोनदा येऊन पाहून गेली.

ते विष नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तुला नव्हतं. तुझ्या लेखी ते इखच होतं, आणि तू अर्ध्यात दम घेऊन पुढं वाटी संपवलीस. मीठ कमी आहे हेसुद्धा सांगितलंस, मला खरं वाटावं म्हणून. यावर मी काय करू, बाई? कोणाची माफी मागू? तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो तर हार घातलेला फोटो आहे, तो काही विचारत नाही. तू असतीस तर निदान हिणवलं असतंस.

तू म्हणाली होतीस, सांग, मी ऐकून घेईन. मी उद्यावर टाकलं. खरं म्हणजे माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं, उद्याही नसतं. आज आहे ते एवढंच. खेकडे मेलेले होते, बाई. मी ते मारले नाहीत, मी त्यांना थंडीत मरू दिलं. माझ्यानं जिते मोडणं झालं नाही, आणि ते दयेमुळं झालं नाही की जिन्यातल्या भीतीमुळं, हे मला अजूनही सांगता येत नाही.